समुद्र, एक नग

सावंतवाडीच्या चितारआळीत दुपारी बाराला
माझ्याजवळ सोळाशे रुपये, अकरा नावं
आणि फादरांची चिठ्ठी:
‘नाताळच्या भेटी बोधप्रद असाव्यात.’

बोधप्रद.
बालवाडीच्या अहवालात हा शब्द मी
सव्वीस वर्षं लिहीत आले
आणि आज दुकानाच्या फळीपुढे
तो कसा दिसतो तेच आठवेना.

दुकानदाराने आधी काढला बोलका फळा.
बटण दाबलं की आतली बाई नाकात बोलते,
ए फॉर ॲपल.
मी म्हटलं, आमच्या वाडीत ॲपल
आजाऱ्याला बघायला जाताना नेतात.
तो हसला नाही.
सेल वेगळे घ्यावे लागतील, म्हणाला.

रुझारची धाकटी इनासिन, अजून तीनची नाही,
जे मिळेल ते तोंडात.
तिला लाकडी फळं नकोत;
गेल्या साली तिच्या भावाने केळ्याचा रंग खाल्ला
आणि डॉक्टर माझ्यावर ओरडले.
तिला एकात एक बसणारे पेले.
लहान कुठला, मोठा कुठला, हे कळेपर्यंत
निम्मे विहिरीत गेलेले असतील.

बस्त्यावला मण्यांची पाटी घ्या, म्हणाले सगळे.
पण तो आईबरोबर बाजारात बसतो,
बांगड्याचे वाटे लावतो,
पाचाचा एक,
गिऱ्हाईक परगावचं दिसलं तर चाराचा.
त्याला आणखी काय मोजायला शिकवू?
त्याला रंगखडू घेतले.

जुळ्या मुलींना तराजू. एकच.
भांडतील. भांडू देत.

मग मिंगेल.
त्याच्यासाठी देशाचा नकाशा,
लाकडी, राज्यं सुटी.
मुलं हुशार होतात, म्हणाला दुकानदार.
मी महाराष्ट्र उचलून पाहिला, तळहाताएवढा.
खाली गोवा, चण्याएवढा,
दुसऱ्याच दिवशी हरवणारा.
आणि डावीकडे समुद्र नव्हताच,
नुसती निळी चौकट, खिळे मारलेली.

रोज शाळेत येताना विचारतो,
‘बाई, पप्पा खंय?’
मी हात करते पाण्याकडे. थंयसर.
चौकटीत हात कुठे करणार?

मागच्या पडवीत पुंडलिक चितारी
बैलाचं पाऊल घासत बसला होता.
विचारलं, समुद्र कापून द्याल?
त्याने बैल खाली ठेवला.
‘आकार कसलो?’
या बाजूला किनारा, म्हटलं,
आणि त्या बाजूला…
माझं बोट हवेतच राहिलं.
‘ऱ्हवांदे,’ म्हणाला, ‘थंय फळी संपात थंय संपात.’

पांगाऱ्याचं लाकूड, हलकं.
किनाऱ्यालाच वेळ लागला सगळा.
वेंगुर्ल्याला जरा आत घ्या, मी म्हटलं,
तर त्याने खरंच घेतलं,
नकाशावर वेंगुर्लं नसताना.
पन्नास रुपये.
रंग ओला आहे, गुंडाळू नका.

तुळसच्या घाटीत एसटी वळणं घेत होती
आणि मी समुद्र कडेला धरून उभी.
बोटं निळी. कंडक्टरने तिकीट
माझ्या पिशवीत टाकलं.

रात्री हिशेब लिहिला:
पेले, खडू, तराजू, नकाशा,
समुद्र, एक नग, पन्नास रुपये.
फादरांनी दोनदा वाचला.
मग म्हणाले, पावती?

नाताळच्या सकाळी, मिस्सा झाल्यावर,
बस्त्यावने पहिल्यांदा खडू मोजले. बारा.
इनासिनने पेला सोडून डबा चावला.
मिंगेलने देश बहिणीला देऊन टाकला
आणि समुद्र उलटा धरला,
नागमोडी किनारा खाली,
आणि चर्चच्या पायरीवर दिवसभर
खर्र खर्र ओढत बसला. करवत.
मी काही बोलले नाही.

संध्याकाळी बापाचा फोन आला, चित्रासकट,
कुठल्याशा बंदरातून, मागे क्रेन.
याने तुकडा पडद्यापुढे नाचवला.
बाप म्हणाला, ‘करवत कोणी दिली रे तुका?’
‘करवत नाय!’ हा केवढ्याने तरी ओरडला,
‘दर्यो असा!’
त्याची आई हे सांगत होती
विहिरीतून पेले काढता काढता,
माझ्याकडे न बघता.

पावती मी अजून दिलेली नाही.