अकरा सेकंद

मंगळवार पेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
एक मशीन, एक स्टूल,
दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेला मोबाईल.
त्याचे महिन्याला एकशे एकोणपन्नास भरतो मी
(आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात,
भरतो, बघतो, येतो)
ते मालिकांसाठी नव्हं.

आप्पांसाठी.

आप्पा सिनेमात होते.
होते म्हणजे, भाला धरून उभे होते.
तालमीतली बारा पोरं स्टुडिओनं उचलली,
दिवसाला पाच रुपये, वर जेवण,
चिकटवलेल्या दाढ्या आठवडाभर खाजत राहिल्या.
किल्ल्याचा दरवाजा उघडतो तेव्हा
डावीकडनं तिसरे, भाला तिरका.
अकरा सेकंद.
दहाव्याला ते सरळ कॅमेऱ्याकडं बघतात,
जे बघायचं नव्हतं.
ओरडा खाल्ला म्हणे, पण रीळ महाग, राहिलं तसंच.

घरी त्यांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा,
त्यात ते कुणालातरी पैसे देणं लागतात
असे दिसतात.
म्हणून हे.
तेवढाच तुकडा फिरून फिरून लावला की
ॲप विचारायचं, अजून बघताय का?
व्हय बाबा, बघतो.

मग एकशे एकोणपन्नासचे एकशे नव्याण्णव झाले.
मग जाहिराती आल्या.
दरवाजा किलकिला होतोय तोवर
एक पोरगी दात दाखवत टूथपेस्ट विकायची
आणि ती जाईस्तोवर लढाई संपलेली.
भाच्याचा, विश्वतेजचा, पासवर्ड घेतला. तो पुण्यात.
एके दिवशी लिहून आलं,
तुम्ही या घरातल्या नाही.
हे सासूनंसुद्धा कधी
तोंडावर सांगितलं नव्हतं.

गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे.
म्हस समोर, धार समोर,
पेला फेसासकट हातात.
पैसे दिले, ओठ पुसले, विषय संपला.
मधेच धार थांबवून कोण म्हणत नाही,
आधी पंख्याची जाहिरात बघा.
न प्यालेल्या दुधाचे पैसे
पुढल्या महिन्यात गपचूप कापत नाही.

श्रावणात सिनेमाच गेला.
नाव टाकलं तर
‘यासारखे आणखी’ म्हणून सतरा पुढं केले.
आप्पांसारखे आणखी?
फोनवरची मुलगी गोड बोलली,
मॅडम, त्याचे हक्क संपले.
कुणाचे? म्हटलं.
ती जरा थांबली. मग म्हणाली, दुसऱ्या ॲपवर असेल बघा.

होता. तिथं वर्षाचे भरायचे,
आणि वर हा सिनेमा निराळा, भाड्यानं,
अठ्ठेचाळीस तास.

विश्वतेज म्हणाला, आत्ती, थांब, फुकटातला देतो.
दिला. नाव तेच,
आत कुठल्यातरी भाषेत मोटारी उडत होत्या.
मोबाईल दोन दिवस तापलेला.

शेवटी लक्ष्मीपुरीत हारूण शिकलगार.
पूर्वी सीड्या द्यायचा, दिवसाला दहा रुपये,
आता मोबाईलची कव्हरं विकतो.
पोटमाळ्यावर चढला,
शिंकत शिंकत उतरला.
“न्या वहिनी. परत आणली नाही तरी दंड न्हाई.
दंड लावायचं दुकानच राहिलं न्हाई.”

प्लेअर जावेकडं, तिच्या लग्नातला,
वर गणपतीची मखरं ठेवलेली.
सीडीवर चरे, मांजरानं ओरबाडल्यासारखे.
तरी दरवाजा उघडला.
एक. दोन. मनात मोजत होतो.
दहाला अडकली.

आप्पा चौकोन चौकोन झालेले,
दाढी गळ्याशी उतरलेली,
एक डोळा तेवढा जागेवर,
माझ्याकडं.

मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी होती,
हातशिलाईनं फॉल लावत बसलो.
जाऊ चहा घेऊन आली,
टीव्हीकडं बघून म्हणाली,
बंद पडलाय व्हय गं?

न्हाई, म्हटलं.
चालू आहे.