चौदाव्या मिनिटाला

फहाहीलमध्ये सकाळपासून धूळ.
समुद्र दोन गल्ल्यांवर, पण दिसत नाही.
दुकानाच्या दाराखाली ओलं फडकं कोंबून
मी उघडून बसलोय गुंडू कोचरेकरचा कॉम्प्युटर,
आणि शेजारच्या स्टुलावर गुंडू,
शुवैबाच्या धक्क्यावर क्रेन चालवणारा,
मांडीवर हेल्मेट धरून, दवाखान्यात बसावं तसा.

"हयच मरता, बघ."

चौदा मिनिटं, सात सेकंद.
मोजणीदार साखळी ताणतो,
फणसाखाली अर्धी वाडी जमलेली,
कुणीतरी हद्दीचा दगड उचलतो
आणि निळा पडदा.
पांढरी अक्षरं. पंख्याची घरघर.
सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"भावान मुद्दाम केल्यान.
दगड खंय पुरलो ता माका दिसूक नको म्हणान."

म्हटलं, थांब.
आधी यंत्राला विचारू, मग भावाला.

रॅम काढली, खोडरबरानं घासली, बसवली. मेलं.
डिस्प्लेचा जुना ड्रायव्हर घातला. मेलं.
दुसऱ्या प्लेअरवर लावलं; आवाज तेवढा आला,
एक कावळा, कुणाचा तरी खोकला,
"वायच डाव्याक घे रे", आणि मेलं.
मग तर नुसता फोल्डर उघडला तरी मरायला लागलं:
यंत्र बिचारं चित्राचा नमुना काढायला आत डोकवायचं
आणि डोकावल्या डोकावल्या गार.

तेव्हा जुनी युक्ती केली.
फाइलीचं आडनाव बदललं.
शेपटीची तीन अक्षरं पुसून लिहिलं, हा नुसता मजकूर आहे.
यंत्रानं विश्वास ठेवला. आत पाहिलं नाही.
फाइल मुकाट माझ्या मशीनवर आली.

"माज्या विजावर सुतार लिवलेला आसा,"
गुंडू म्हणाला. एवढंच.

कोडेक म्हणजे काय, त्यानं विचारलं.
म्हटलं, घडी.
एकानं घालायची, दुसऱ्यानं त्याच मोडीवर उकलायची.
तुझ्याकडे उकलणारे तीन,
खोलीतल्या पोरांनी सिनेमांसाठी कुठून कुठून चढवलेले.
तिघंही एकाच घडीला झोंबतात
आणि फाटतं मात्र पातळ.

"आमी पण तिगाच भाव."
तो हसत नव्हता.

तिघांना त्याच्या मशीनवरून उतरवलं, एक नवा बसवला.
आता चौदा-सातला अडखळलं, पण मेलं नाही.
म्हणजे दोष दोन होते.
अशा फाइलीची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते,
कॅमेरा नीट बंद केला तरच.
हिच्यात ती नव्हतीच.
बॅटरी संपली असेल. कुणी हिसकावला असेल.
एकेक चौकट मोजत ती नव्यानं बांधायला लावली.
वीस मिनिटं गेली.
कुट्टीच्या हॉटेलातून दोन सुलेमानी आले,
वर धुळीची बारीक साय.

मग चौदा-सात.
आणि चौदा-आठ.

नऊ सेकंदं जास्तीची मिळाली.
दगड नव्हता त्यांत.
कॅमेरा धरणाऱ्याचा हात खाली आला असावा:
तिरपी लाल माती, साखळीचं टोक
आणि बाबलचे पाय.
पायांत चपला, तपकिरी, जाड तळाच्या,
तीन वर्षांमागं इथल्याच सूकातून
गुंडूनं धाडलेल्या.
डाव्या अंगठ्याशी तुटलेल्या,
जाळ्याच्या निळ्या दोरीनं शिवलेल्या.

"परत लाव."
लावलं.
"परत."

दगडाचं त्यानं पुन्हा काढलं नाही.
दिनार पुढे केला, मी अर्धा परत दिला,
फाइल पेनड्राइव्हवर घालताना
आडनाव पुन्हा पहिलं करणार, तर म्हणाला,
"नको. मजकूर म्हणानच रवांदे.
पोरां उघडतीत."

हेल्मेट डोक्यावर घालून तो धुळीत शिरला,
दहा पावलांवर पुसट झाला.
मी फडकं पुन्हा दाराखाली कोंबलं.