निमुळत्या गळ्याची कुंडी

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी
अगापांथसने कुंडी तडकवली.
आवाज झाला नाही. कॉफीचा कप घेऊन
मागच्या अंगणात आले, तर
कुंडीवर वरपासून खालपर्यंत एक रेघ
आणि रेघेतून डोकावणारं पांढरं, जाड मूळ,
बोटाएवढं.

नऊ वर्षं त्याच कुंडीत.
दर ऑक्टोबरात मी त्याला जिन्याखाली ओढत नेते,
दर एप्रिलात पुन्हा बाहेर,
गेंटमध्ये ज्याला ऊन म्हणतात त्यात.
जुलैत माझ्या खांद्याला लागणारे दांडे,
टोकाला निळे झुपके.
कॅलेंडरच्या मागे मोजून ठेवलेत:
सात. तेरा. तेरा. गेल्या वर्षी एकोणीस.

कुंडी पोटाशी रुंद, गळ्याशी निमुळती.
असली कुंडी घेऊ नये, हे आता कळतं.
मुळांनी पोट भरून टाकलेलं,
गळ्यातून निघायचं कसं?
आडवी पाडली. थोपटली.
ब्रेडची सुरी कडेने फिरवली, सुरी वाकली.
पाणी ओतलं तर वरच तरंगत राहिलं,
प्यायला आत माती उरलीच नव्हती.
मग कुंडीला मिठी मारली, पाय भिंतीला रोवले,
एकोणसत्तराव्या वर्षी करू नये ते सगळं केलं.

भिंतीपलीकडून ओडिलोन म्हणाला,
"फोड की."

अकरा वर्षांतला पहिला शब्द.
पन्हाळीचं पाणी कोणाच्या बाजूला पडावं
यावरून आम्ही एकमेकांच्या मुळावर उठलो होतो.
वकील झाले. टेप घेऊन एक पोरगा आला,
चार सेंटिमीटर निघाले. त्याच्या बाजूने.

मी म्हटलं, "हातोडी नाहीये."
होती. जिन्याखालीच होती.

तो रस्त्याने वळसा घालून फाटकातून आला,
धुतलेला शर्ट घालून.
उभा जन्म ट्रामच्या वर्कशॉपात,
चाकावर ठोकून तडा कानाने ओळखणारा माणूस.
बोटाच्या पेराने कुंडी वाजवली,
ऐकलं. पुन्हा जरा खाली वाजवली.
मग हातोडी, एकदाच.

कुंडी तीन तुकड्यांत बाजूला झाली
आणि मुळं तशीच उभी राहिली.
पोट, गळा, काठाचा कंगोरासुद्धा.
आम्ही दोघं बघत बसलो,
काहीतरी बोलायला हवं होतं, नाही बोललो.

करवतीने मधोमध कापायला अर्धा तास लागला.
कच्च्या बटाट्यासारखा वास सुटला होता.
"अर्धं तू ने," मी म्हटलं.
"माझ्याकडे सावली पडते," तो म्हणाला,
"तुझ्या भिंतीची."
खापरं मात्र मागून नेली,
लीकच्या वाफ्यात तळाला घालायला.

मी दोन नव्या कुंड्या आणल्या.
सरळ काठाच्या, ऐसपैस, चूक सुधारणाऱ्या माणसाने
आणाव्यात तेवढ्या मोठ्या.
नवी माती, मूठभर रेती, वर बारीक खडी.
पाणी एका दमात आत गेलं.
किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

त्या जुलैत एकही फूल नाही.
पुढच्याही जुलैत नाही. पानं मात्र अशी माजली
की टपाल टाकणारी मिरेला विचारते,
ही भाजी करतात की सॅलड?
कॅलेंडरच्या मागे दोन शून्यं लिहिली आहेत.

काल ओडिलोन भिंतीवर कोपर टेकून
बराच वेळ पानांकडे बघत होता.
पाऊस नुकता थांबलेला. पन्हाळ टपकत होती,
कोणाच्या बाजूला ते मी पाहिलं नाही.
"जागा जास्त दिलीस," तो म्हणाला.
"हे दाटीतच फुलतं."
"मग आता?"
"आता काय. भरू दे."

आणि लीकची एक जुडी चिखलासकट
भिंतीवरून माझ्या हातात दिली.
नळाखाली धुताना
मुळांच्या जाळ्यात अडकलेली
लाल कपची सापडली, नखाएवढी.
काढता काढता निघेना.