दीड मीटर तांबं

साडेअकरा हजारांची वायर, दीड मीटर.
निळ्या मखमली पिशवीतून काढली शालिकरावांनी
आणि माझ्या हातात दिली
तान्ह्या नातवासारखी, मान सांभाळून.

मी तांबं किलोनं घेतो.
पुलगावच्या नाक्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान,
जळक्या पंपाच्या पोटातली काळी गुंतवळ काढायची,
नवी भरायची वेढे मोजत.
तोंड जरा वाकडं झालं असणार माझं.
"आयक आधी," ते म्हणाले, "मंग बोल."

हा माणूस तेहेतीस वर्षं लाइनमन.
वादळानंतर बाभळीत गुंतलेल्या तारा
यानं बॅटरी दातात धरून सोडवल्या.
याला मी काय सांगू तारेतून काय जातं ते?
बसलो.

बसायला जागा एकच, कापसावर.
पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली,
भाव चढेल म्हणून थांबलेला माल.
दोन्ही स्पीकर कमरेइतके ढिगात,
आणि दारावर खडूनं लिहिलेलं : बिडी बाहेर.

खोटं कशाला बोलू.
सतारीची तार सुटली ती इथं, छातीच्या हाडाशी येऊन थांबली.
पडद्यावर बोट घासल्याचं ऐकू आलं,
वाजवणाऱ्यानं मध्येच घेतलेला श्वासही.
मी मांडी खाजवायचं विसरलो.
"पाह्यलं? वायर आली त्या दिवसापासून हे असं."

मी त्यांची जुनी वायर मागितली,
पांढरी, मीटरला वीस रुपयांची.
म्हटलं, भिंतीकडे तोंड करा.
सात वेळा बदलली.
म्हणजे कधी बदलली, कधी नुसतीच खुडबुड केली.
चार वेळा बरोबर सांगितलं त्यांनी.
"चार म्हंजे पास."
म्हटलं, नाणं उडवलं तरी पास होते मग.
चहा निवेपर्यंत कोणी बोललं नाही.

संक्रांत झाली, कापूस गेला,
छोट्या गाडीच्या तीन खेपा हिंगणघाटच्या जिनिंगला.
चौथ्या दिवशी फोन :
"वायर बिघडली राज्या. आवाज डब्यातून येते."

मीटर लावला. टूंऽऽ.
दोन्ही टोकं शाबूत.
खोली रिकामी, फरशी पुसलेली, भिंतींना चकचकीत ऑइलपेंट.
काही सुचेना म्हणून एक टाळी वाजवली.
ती समोरच्या भिंतीवर गेली, परत आली, पुन्हा गेली,
चष्मा कुठं ठेवला ते शोधत फिरणाऱ्या माणसासारखी.

शालिकराव बघत राहिले.
मग त्यांनीही वाजवली.
कोपऱ्यात सरकीला चिकटलेलं एक पुंजकं राहिलं होतं,
ते उचललं, बोटांत दाबलं.
"म्हंजे हा?"
"हा."
"अन् मी जिनिंगले देऊन आलो."

आतून चंद्रकलाबाईंचा आवाज :
"मी म्हनत होती, दोन क्विंटल घरी राहू द्या, गाद्या भरू!"

आता पाच गाद्या उभ्या आहेत तिथं, भिंतीला टेकून,
घरच्याच वेचणीच्या, पुन्हा विकत घेतलेल्या.
महागडी वायर त्यांनी काढली नाही.
मीही काढा म्हटलं नाही.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरापर्यंत तार ओढली,
ही एक तरी त्यांच्या खोलीत येऊन संपते.

फक्त पाहुणे मुक्कामाला आले
की गाद्या खाली अंथराव्या लागतात.
त्या रात्री शालिकराव रेकॉर्ड लावत नाहीत.
जावई म्हणतात, मामांना हल्ली गाण्याचा कंटाळा आला वाटतं.