पदभार

आमच्याकडे हुद्द्याला भार म्हणतात.
नुसता भार.
‘यंदा कुणाच्या डोक्यावर?’ असं विचारतात
ओआहाकाच्या डोंगरातल्या या गावात,
जिथे ढग दुपारी दोनलाच घरी परततात.

सतराव्या वर्षी माझा पहिला भार: झाडू.
चौक झाडायचा, सभेची घंटा द्यायची,
घरोघर निरोप न्यायचे.
निरोप एकही आठवत नाही आता,
कुत्री आठवतात.
कुठल्या दारावर टकटक करायची,
कुठल्या दारापासून वीस पावलांवर थांबून हाक द्यायची,
कुणाला वाईट बातमी उभ्या उभ्या सांगायची नसते.
एलेउतेरिओ तेव्हाचे अध्यक्ष.
जत्रेच्या रात्री झिंगलेल्यांना घरी पोचवायला
माझ्याबरोबर यायचे, कंदील स्वतः धरायचे.
मला वाटे, म्हातारा अंधाराला भितो.

मग बारा वर्षं लॉस एंजेलिस.
हॉटेलात आधी भांडी, मग भाज्या,
मग स्वयंपाकघराचा मुकादम.
तिथे भिंतीवर नेतृत्वाची सात सूत्रं होती, काचेच्या चौकटीत.
काच मीच पुसायचो.

फोन आला: सभेनं तुझं नाव घेतलं.
तीन वर्षं. पगार नाही. ये.
नाही म्हणता येतं,
पण मग गावात मरायचा हक्कही सोडायचा.

विमानात एक वही उघडली.
पहिल्या पानावर लिहिलं, ‘मी सगळ्यांचं ऐकून घेईन.’
दुसऱ्यावर, ‘मी सगळ्यांना सारखं वागवीन.’
अक्षर फार चांगलं आलं होतं.

जूनमध्ये पाण्याच्या टाकीचं काम निघालं.
घरटी एक माणूस, पहाटे, बिनपगारी.
क्रेसेन्सिआच्या घरून कुणी आलं नाही.
दोनदा.
मी दंड लावला. सगळ्यांना लावतात तेवढाच.
हातात काठी होती, रेशमी फितींची,
आणि माझा आवाज मलाच भरदार वाटला.

तिसऱ्या दिवशी यंदाच्या झाडूवाल्या पोरानं
माझ्याकडे न बघता सांगितलं:
तिचा मुलगा उत्तरेला गेलाय,
एप्रिलपासून फोन नाही.
रात्रभर जागते, पहाटे कुठे डोळा लागतो.
त्यांचं कुत्रंसुद्धा हल्ली भुंकत नाही.

त्याला माहीत होतं.
एके काळी मलाही माहीत असायचं.

नोंदवहीतला दंड खोडता येत नाही.
पैसे मी भरले, डुक्कर विकून.
दोन दिवसांची वाळू वाहिली, चढावरून, पाठीवर,
कपाळाला पट्टा लावून.
चिटणीस फिदेन्सिओनं विचारलं, ‘कुणाच्या नावावर मांडू?’
‘तिच्या.’
चष्म्यावरून बघितलं त्यानं, आणि मांडलं.

वाटलं होतं, ती येईल. निदान मान हलवेल.
बाजाराच्या दिवशी भेटली, टोमॅटो निवडत होती.
‘पुढच्या वेळी,’ म्हणाली, ‘आधी विचार.’
आणि दोन टोमॅटो परत ठेवले. मऊ होते.

त्या रात्री वही काढली.
‘सारखं’ खोडून वर ‘विचारून’ लिहिलं.
वाक्य जरा वाकडं झालं.
राहू दे.
तिसरं पान अजून कोरं आहे,
त्यावर बायकोनं साबण आणि मीठ लिहिलंय.

काल जत्रा.
तिबुर्सिओला घरी न्यायचं होतं, गाणं म्हणत, तीनदा बसत.
पोरानं त्याला काखेत धरलं, मी कंदील घेतला.
कंदील धरणाऱ्याला पुढचं नीट दिसत नाही,
उजेड त्याच्याच डोळ्यांवर येतो.
हे एलेउतेरिओंनी कधी सांगितलं नव्हतं.

‘इथे पायरी आहे,’ पोरगा म्हणाला.
मी पाय चाचपून टाकला.
त्याला वाटत असेल, म्हातारा अंधाराला भितो.
खोटं नाही ते.