केस धुतलेला रॉय

"गिटार कुठाय?"
हा पहिला प्रश्न ड्युशानचा.
सुई टेकून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.
ढोल एकसारखा, घड्याळासारखा,
वर व्हायोलिनांचा साखरपाक,
आणि मधे रॉय व्हॅन्डरलिन, आमचा रॉय,
ज्याच्या घशात वाळू आणि गंज होता,
ज्यानं आमच्या गावच्या आइस रिंकवर
एका रात्रीत चार तारा तोडल्या होत्या,
तो पातळ आवाजात
कुणाला तरी नाचायला बोलावत होता.

वेष्टनावर पांढरा सूट. वरची तीन बटणं उघडी.
"केस धुतलेत रे यानं," अर्नी म्हणाला,
मयताची बातमी सांगावी तसा.

ते सालच तसलं होतं.
यंगस्टाउनच्या भट्ट्या एकेक विझत होत्या.
ड्युशानचा बाप भर दुपारी घरी दिसायला लागला होता,
आणि दुपारच्या बापाशी काय बोलायचं
ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
त्यात हा.
एक खांब उरला होता, तोही कंबर हलवायला लागला.

शनिवारी बोलिंग क्लबच्या मागच्या पार्किंगमध्ये
सतरा जण जमलो.
तबकड्या फोडल्या, गुडघ्यावर, विटेवर,
अर्नीनं तर व्हॅनच्या चाकाखाली.
माझी फुटताना अंगठा चिरला.
खूण अजून आहे, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी ठणकते.
आणि आता खोटं कशाला बोलू,
रक्त चोखत उभा होतो तेव्हाही
माझा डावा पाय डांबरावर
तोच ठेका धरून होता.

मोझेल डार्डन रस्त्यापलीकडून बघत होती.
आमच्याच वर्गातली. ते संगीत तिच्या भावाचं, तिच्या गल्लीचं.
म्हणाली,
"तुमचा माणूस एकदा आमच्याकडे जेवून गेला,
म्हणून ताटं फोडताय?"
आम्ही हसलो.
सतरा जण होतो, हसणं सोपं होतं.

घरी आलो, मागच्या जिन्यानं.
स्वयंपाकघरात तोच ढोल.
आईनं स्वतःची वेगळी घेतली होती,
सवलतीच्या टोपलीतून, ऐंशी सेंटला,
वेष्टनावरचा माणूस "स्वच्छ दिसला" म्हणून.
इस्पितळाच्या धोबीखान्यातून आलेली,
बूट दाराशी, पाय सुजलेले,
मोज्यांवर ती लिनोलियमवर घसरत होती,
एक हात फ्रिजच्या मुठीवर,
जणू तो कुणाचा हात होता.
बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
मी जिन्यातच बसून राहिलो,
बाजू संपेपर्यंत. मग मुद्दाम खोकलो.

यावरही मी कुणाशी बोललो नाही,
चाळीस वर्षं. त्याहून जास्तच.

गेल्या ऑक्टोबरात अर्नीच्या गराजमध्ये जमलो, सहा जण.
उरलेल्यांपैकी कोण फ्लोरिडात, कोण मातीत.
मोझेलही आली. अठ्ठ्याऐंशी साली गेलेल्या
तिच्या भावाची प्रत घेऊन.
कशानं गेला ते तिनं सांगितलं नाही,
आम्हीही तेव्हा विचारलं नव्हतं.
तबकडीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही.
सुई स्वतः ठेवली.

ढोल. व्हायोलिनं. धुतलेले केस.
ड्युशान हाताची घडी घालून बसलेला.
त्याचं मत बदललेलं नाही;
या गावात न बदललेलं तेवढंच उरलंय,
म्हणून मी त्याला डिवचत नाही.
पहिलं मिनिट गेलं. दुसरं. कुणी उठलं नाही.
तिसऱ्या मिनिटाला अर्नीचा गुडघा, ऑपरेशन झालेला,
हलायला लागला.

आणि चार मिनिटं उलटल्यावर
गिटार आली.

तीच. वाळू, गंज, सगळं.
ढोलाला न सोडता, त्याच्या पाठीवर चढून.
इतक्या पुढपर्यंत आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.
आईला माहीत असणार.
मोझेल आमच्याकडे नाही, खिडकीकडे बघत होती.

"उशीर केला," ड्युशान म्हणाला,
आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला.
दार मात्र
त्यानं लावून घेतलं नाही.