दोनास एक

हर्मेरॉस, आधी हाताला चरबी चोळ.
मेंढीची आहे, वास मारते, मारू दे.
चुना कुणाची ओळख ठेवत नाही,
मालकालाही तो असाच पोळेल,
फक्त मालक इथवर येत नाही.

आता ही राख बघ.
चुलीतली नव्हे रे, येड्या,
मागच्या डोंगरानं कधीकाळी ओकलेली.
चिमटीत घे, कानाशी ने, चोळ.
करकरली तर घ्यायची,
गप्प बसली तर फेकून द्यायची.
दोन पाट्या राख, एक पाटी चुना,
वर मूठ-मूठभर दगडाचे तुकडे,
आणि मग समुद्रात.

हो, समुद्रात.
मीही हसलो होतो पहिल्या दिवशी.
पाण्यात लाकूड कुजतं, लोखंड झडतं,
माणूस तिसऱ्या दिवशी फुगून वर येतो,
आणि हे म्हणतात, चिखल ओता, दगड होईल!
वाटलं, कुणीतरी अख्ख्या पुतेओलीला चुना लावतंय.
लुरियस मुकादमानं थोबाडीत ठेवून दिली.
महिन्यानं पाणबुड्या खाली गेला,
वर आला तो दातओठ खात:
त्याच्या पहारेचं टोक वाकलं होतं.

कुणी शोधलं हे?
मला नको विचारू.
रोमहून एक जण आला होता, नखं स्वच्छ,
मेणाच्या पाटीवर त्यानं दोन रेघा ओढल्या, मग एक,
आणि पाटी मिटून काखेत घातली.
तेव्हापासून ते त्याचं.
थॅलस सांगायचा, त्याच्या आजीच्या आजीनं
मिठागराचा गळका हौद बुजवायला
हाताला लागेल ते कालवलं होतं.
थॅलस थापाड्या होता.
पण त्याच्या थापेत निदान हात तरी होते.

ते मोठं चाक दिसतंय? आत दोघं चालतात.
सकाळपासून चालतायत, कुठंच पोचलेले नाहीत,
ओंडका मात्र वर गेला.
थॅलस त्याच चाकावर होता आधी,
गुडघे गेले म्हणून इकडे, पाट्यांवर.

तिसऱ्या पेटीच्या वेळची गोष्ट.
ओकच्या फळ्यांची पेटी, साखळदंडांनी आवळलेली,
अर्धी भरलेली.
फळी ओली होती, इतकंच.
पाटी आधी पडली का तो आधी,
यावर आम्ही पुढं किती रात्री भांडलो.
लुरियसनं वाऱ्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.
म्हणाला, लाटा वाढतायत,
आता थांबलं तर जोड सुटेल.

आम्ही थांबलो नाही.

मी चार पाट्या ओतल्या. मोजल्या होत्या.
पाचव्या पाटीला माझ्या तोंडातून काहीतरी निघालं,
शिवी असावी, किंवा त्याचं नाव.
तेव्हापासून लुरियस मला पाण्यात पाहतो.
मी थॅलसला.

आता तिथं अलेक्झांड्रियाचं गव्हाचं गलबत बांधतात.
वादळ येऊन गेलं, दोनदा जमीन हलली,
लाकडी पेटी कधीच किड्यांनी खाल्ली,
आतलं तसंच आहे.
पाणबुड्या म्हणतो, दरवर्षी अजून घट्ट होतंय,
जणू समुद्रच रोज थोडा त्यात मुरतोय.
बायको, प्रीमिगेनिया, म्हणते,
राजांना नाही मिळत असली कबर.
मी तिला काही बोललो नाही.
वर्षातून एकदा आंबट दारूचा अर्धा पेला
त्या कठड्यावरून ओततो.
अर्धा मी पितो, महाग झालीय.

दोनास एक, हे पोरासोरांनाही पाठ आहे.
माणसाचं प्रमाण पाटीवर नव्हतं.
मी विचारलं असतं त्या नखंवाल्याला,
पण तो गेला,
आणि मला कुठं वाचता येतं?

डोळे चोळू नकोस! किती वेळा सांगू!
वारा समुद्रावरून आहे, तोंड वळव.
ती फळी आधी पायानं दाबून बघ.
ओली आहे?
मग थांब. लुरियस ओरडू दे.
मी वाळू टाकतो.